सात नंबरमधली धरलेली जागा

सात नंबर वळणावर दिसली तशी आईने हात वर केला. थांब्यावर आम्ही दोघीच होतो आणि बस तिथे रोज थांबत असे.

"हात कशाला? थांबतेच ना ती," मी म्हणाले.

"हात केला नाही तर त्यांना वाटेल, इथे कोणाला गरज नाही. सध्या तेवढंच निमित्त हवंय त्यांना."

मी घड्याळ बघितलं. दुपारची पुण्याची गाडी मला गाठायची होती आणि त्याआधी आईला क्षेत्रीय कार्यालयात काहीतरी कागद द्यायचा होता. रिक्षा करू म्हटलं तर तिने ऐकलं नव्हतं. नेर्लेकर काका शेजारच्या बंगल्यातून स्कूटरची किल्ली दाखवत होते, त्यांनाही तिने हसून हात हलवला होता.

बस करंजवाडीहूनच भरून यायची. आम्ही चढलो तर उभं राहायलाही धड जागा नव्हती, पण पुढून तिसऱ्या बाकावर खिडकीशेजारी एक निळी कापडी पिशवी एकटीच बसली होती. तिच्या बाजूला एक बाई दह्याची किटली दोन पायांत धरून बसली होती आणि वर उभ्या असलेल्या माणसाशी तिचं भांडण चाललं होतं.

"धरल्याय म्हनून सांगितलं न्हवं? कानात काय कापूस घातलाय?"

"पिशवीचं तिकीट काढलंय काय, आक्का?"

"काढीन की. तुजंबी काढीन. गप हुबा ऱ्हा." मग तिला आई दिसली. "या बाई, या. ह्यो बघा, कवाधरनं डोळा ठेवून हाय जागंवर."

ही हौसाक्का. मंडईत दही विकायची. आई तिच्याबद्दल फोनवर सांगायची, पण मी ते अर्धवट ऐकत असे. आई बसली आणि लगेच सरकली. "तू पण बस. तिघी मावतो."

"नको. मी उभी बरी."

"ही लेक व्हय?" हौसाक्काने मला आपादमस्तक बघितलं. "पुण्याची?"

"हो. वर्तमानपत्रात असते."

"मग सांगा की हिला छापायला. सात नंबर बंद करू नगा म्हनून, मोठ्या अक्षरात."

प्रकरण असं होतं. पालिकेची बससेवा तोट्यात होती. घरपट्टीवर परिवहन उपकर लावला तर बस चालू राहील, नाहीतर जुन्या हद्दीबाहेरचे मार्ग बंद करावे लागतील, असं पालिकेने जाहीर केलं होतं. करंजवाडी हद्दवाढीत शहरात आलेली. शहराची घरपट्टी तिथे लगेच पोचली होती. बाकी रस्ते, गटारं, दिवे वाटेत कुठेतरी अडकले होते. आली होती ती एवढी बस. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. उपकर पुढे कमी करून का होईना लागला आणि सात नंबर अजून करंजवाडीहूनच निघते. पण त्या सकाळी ती राहील असं कोणी छातीठोकपणे म्हणालं नसतं. आमच्या कॉलनीत प्रत्येक जिन्याखाली एक तरी दुचाकी होती आणि करंजवाडीतल्या पुरुषांकडेही मोटरसायकली होत्या. बस होती ती बायकांची, शाळेच्या मुलींची आणि म्हाताऱ्यांची.

"आमचं मालक म्हनत्यात, बस गेली तर जाऊ दे, पन पट्टी वाढाय नगो," हौसाक्का म्हणाली. "त्यास्नी काय? टांग टाकली की चालले."

"आन् आपन टांग टाकली तर गाव जमतंय बघाया!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी बाकं हसली. हसताना आईने पदर तोंडाला लावला. घरात मी तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"मग तुम्ही का नाही अर्ज देत?" मी विचारलं.

"घर कुनाच्या नावावर? मालकाच्या. ज्याच्या नावावर घर त्यानंच बोलायचं म्हनं. आमचं कोन ऐकतंय?" हौसाक्काने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाईंचं घर बाईंच्या नावावर हाय. बाई सांगनार आमचंबी."

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "बाई, आज बॉडीगार्ड आणलाय काय?"

"दोन तिकिटं दे," आई म्हणाली. "आणि नीट फाड. ही वर्तमानपत्रातली आहे."

*

क्षेत्रीय कार्यालयात मोठी रांग होती. उपकरावर हरकती आणि सूचना द्यायचा शेवटचा दिवस होता. नेर्लेकर काका आमच्या आधी स्कूटरवर पोचले होते. काखेत कॉलनीतल्या हरकतींचा गठ्ठा. ते कॉलनी संघाचे अध्यक्ष होते आणि आईच्या नळापासून वडिलांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळ्यात धावून आलेले.

"वहिनी, तुम्ही आमच्या बाजूला याल असं वाटलं होतं."

"आलेय की. एकाच रांगेत तर उभे आहोत."

"थट्टा नको. ज्यांनी आयुष्यात बसचं तिकीट काढलं नाही, त्यांनी तिचे पैसे का भरायचे?"

"मला तरी कुठे शाळेत जाणारं पोर आहे? शिक्षण कर भरतेच ना मी?"

"तुम्हाला कुठे जायचं असेल तर मला हाक मारा. मी आहे की."

"रोज मारली तर महिन्याभरात खिडकी लावून घ्याल, भावजी."

काका हसले, पण त्यांना लागलंही असावं. त्यांनी गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला.

खिडकीपाशी आमचा नंबर आला. कारकुनाने आईचा कागद वाचला, उलटून मागे काही आहे का ते बघितलं आणि पुन्हा वाचला.

"बाई, ही हरकत नाही."

"नाहीच आहे. माझी हरकत नाही म्हणून तर लिहिलंय. कर लावा, बस चालू ठेवा."

"पण इथे हरकती आणि सूचना घेतात."

"मग सूचना म्हणून घ्या."

"सूचना म्हणजे बदल सुचवायचा. तुम्ही काय बदल सुचवताय?"

"काही नाही. जे म्हणताय ते करा."

कारकुनाने मान खाजवली, शेजारच्या टेबलावर विचारलं, तिथल्याने आणखी पलीकडे विचारलं. अशी माणसं त्यांच्याकडे आलीच नव्हती. शेवटी त्याने शिक्का मारला. "हरकतीत टाकतो. सुनावणीला बोलवतील तेव्हा तोंडी सांगा, की हरकत नाही. घर तुमच्याच नावावर आहे ना? मग स्वतः यावं लागेल. न बोलता राहिलात तर विरोधातच मोजतील."

"येईन की," आई म्हणाली. "मला काय काम आहे?"

मी पुन्हा घड्याळ बघितलं.

एसटी स्टँडवर ती मला सोडायला आली. खरं तर उलट व्हायला हवं होतं. फलाटावर बसायला जागा होती, पण मला बसवत नव्हतं. मी गाड्यांच्या पाट्या वाचत येरझारा घालत होते आणि ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती.

"तू सगळ्यांना सांगतेस ना, आई एकटी असते म्हणून," ती अचानक म्हणाली. "सकाळच्या बसमध्ये मी एकटी नसते. मंडईत काही घ्यायचं नसलं तरी जाते मी."

"गाडी लागली बघ," मी म्हणाले.

"पोचलीस की फोन कर."

मी केला. तिने मुगाची खिचडी केली होती आणि पापड भाजायचा कंटाळा आला म्हणून नुसतीच खाल्ली होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नेर्लेकर काकांचा फोन आला. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत होती म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं होतं. "वृषाली, तू निघ," एवढंच ते म्हणाले. काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचं सगळं माझ्या चुलतभावाने, प्रशांतने केलं. नातेवाइकांना फोन त्याने केले. डॉक्टरांशी तो बोलला. दारात कोणी आलं की मी प्रशांतकडे बघायची आणि तो सांगायचा. वर्तमानपत्रात माझ्या टेबलावरून रोज निधनवार्ता जात. निधन, देहावसान, दुःखद अंत, अल्पशा आजाराने. कुठे कुठला शब्द बसतो ते मला झोपेतही कळलं असतं. आईची बातमी मीच लिहून पाठवली आणि त्यात एक चूकही नव्हती. पण तोंडाने ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. कार्य उरकल्यावर सगळे गेले. मी रजा वाढवून घेतली, तीही मेसेज पाठवून.

घरात मला एका जागी बसता येत नव्हतं. पुस्तक उघडायची, उभ्या उभ्या दोन पानं वाचायची, ठेवून द्यायची. कपाट लावायला घ्यायची आणि अर्ध्यातून गच्चीवर जायची. अशातच पालिकेची सुनावणीची नोटीस आली. वर "हरकतदार" आणि खाली आईचं पूर्ण नाव.

वारस नोंदीचा अर्ज द्यायला मला कार्यालयात जावं लागणार होतं. काकांना हाक मारली असती तर ते आले असते. मी थांब्यावर गेले. सात नंबर वळणावर दिसली तसा माझा हात वर गेला.

तिसऱ्या बाकावर निळी पिशवी होती.

"आगं बया, लेक आली!" हौसाक्का म्हणाली. "बाई कुठायत? किती दिस झालं, रोज पिशवी ठेवती आन् लोकांच्या शिव्या खाती."

माझ्या पिशवीत आईचा मृत्यूचा दाखला होता. मी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"पुण्याला आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे."

ते कुठून आलं मला माहीत नाही. आलं आणि लगेच खरं झालं. हौसाक्काने ते मागच्या बाकाला सांगितलं, मागच्या बाकाने त्याच्या मागच्या. "लेकीकडं गेल्यात." "बरं केलं, हितं एकट्याच की." "तब्बेत बरी हाय न्हवं?" मी मान हलवली.

"सुनावनीला तेवढं घिऊन या त्यास्नी," हौसाक्का म्हणाली. "आमी बी यायचं ठरवलंय. बोलाय न्हाई देनार, पर बाई बोलताना मागं बसाय काय हरकत हाय?"

"हो," मी म्हणाले.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बस की मग तू."

"नको. उतरायचंच आहे आता."

उतरायचा थांबा लांब होता. मी मंडईपर्यंत उभी राहिले आणि ती जागाही तशीच राहिली, कारण हौसाक्काने पिशवी पुन्हा तिथे ठेवली.

*

सुनावणी पालिकेच्या एका शाळेच्या सभागृहात होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. पुढे नेर्लेकर काका आणि कॉलनीतली मंडळी. मागच्या भिंतीला टेकून करंजवाडीचे पुरुष. आणि मध्ये, पुरुष टाळून, हौसाक्का आणि तिच्यासोबत पाच-सहा बायका. त्या दिवशी मंडईला न जाता आलेल्या. हौसाक्काच्या शेजारच्या खुर्चीवर निळी पिशवी होती आणि कॉलनीतले एक गृहस्थ ती उचलायच्या बेतात होते.

"हात लावू नगा. धरल्याय."

"अहो, इथे माणसं उभी आहेत!"

"मानसासाठीच धरल्याय. बाई यायच्या हायत."

मी दारापाशी उभी राहिले. हौसाक्काने मला हात केला आणि माझ्या मागे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी नजर फळ्याकडे वळवली. कोणीतरी त्यावर घरपट्टीचं उदाहरण सोडवून ठेवलं होतं.

टेबलामागे उपायुक्त बाई होत्या, त्यांच्या शेजारी तो कारकून. शिपाई नावं पुकारत होता. माणसं उठत, दोन वाक्यं बोलत, बसत. बहुतेकांची वाक्यं तीच होती. काका मात्र चांगलं बोलले. आम्ही मेहनतीने घरं बांधली, घर बांधणं हा गुन्हा आहे का, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मग करंजवाडीचं एक नाव पुकारलं गेलं. मागून एक तरुण पुढे आला.

"ते वारले मॅडम. मी मुलगा."

"वारस नोंदीचा अर्ज दिलाय?"

"न्हाई अजून."

"दिला असता तर तुमचं म्हणणं लिहून घेतलं असतं. मयत. निकाली काढा."

"आवो, पन घर हाय की!"

"पुढचं नाव घ्या."

तो दोन शब्दांत म्हणाला होता. अगदी सहज. तो परत मागे जाऊन भिंतीला टेकला, तरी मी त्याच्याकडेच बघत होते.

"प्रमिला आप्पासाहेब बिरनाळे."

करंजवाडीच्या सगळ्या बायकांनी दाराकडे बघितलं. नेर्लेकर काका खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना माहीत होतं, आणि एका शब्दात ती एकमेव संमती त्यांना बाद करता आली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बसले आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

"हजर आहेत का?"

"येतायत!" हौसाक्का उभी राहिली. "जरा थांबा मॅडम. पुन्याहून यायच्या हायत, गाडीला उशीर झाला असंल."

"तुम्ही कोण?"

"मी न्हाई कोन. पन आमचं बी त्याच सांगनार हायत."

सभागृहात हशा झाला. उपायुक्त बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद वाचला, भुवया उंचावल्या आणि कारकुनाकडे बघितलं. "ही तर संमती आहे." कारकून म्हणाला, "हो मॅडम, त्या बाई. त्यांनी तोंडी सांगायला हवं."

"पुढची तारीख देऊ त्यांना?"

"द्या की," हौसाक्का म्हणाली. "बाई येत्यात. आमी बी परत येतो. ही बघा, त्यांची लेक हितंच हाय. इचारा तिला."

सगळी डोकी वळली.

"तुम्ही त्यांच्या कन्या?" उपायुक्त बाईंनी विचारलं.

"हो."

"मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. तारीख लिहा हो."

कारकुनाने पेन उचललं. तारीख मिळाली असती. मी घरी गेले असते, कपाट अर्धवट लावलं असतं, गच्चीवर गेले असते. सात नंबरमध्ये पिशवी रोज आली असती आणि आई पुण्याला माझ्याकडे राहिली असती, तब्येत बरी असलेली.

"तारीख नको," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा लागला होता. मी टेबलाकडे चालायला लागले.

"माझं म्हणणं लिहून घ्या. वृषाली बिरनाळे. घर आता माझ्याकडे येणार आहे. वारस नोंदीचा अर्ज मी दिलाय, ही पोच. पट्टी मी भरणार. वाढली तरी चालेल. सात नंबर बंद करू नका."

कारकुनाने पोच घेतली आणि लिहिता लिहिता थांबला. "वारस म्हणजे... बाई..." त्याला खिडकीवरची आई आठवली असावी. त्याने वरिष्ठ बाईंपुढे पोच सरकवली. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. प्रशांतसारखं कोणीतरी आता बोलेल म्हणून मी थांबले. काका चष्मा पुसतच होते.

मी वळले. हौसाक्का उभीच होती. तिला पोच, वारस, यातलं काही उमगलं नव्हतं. माझा आवाज तेवढा पोचला होता. ती माझ्याकडे बघून कौतुकाने हसली.

"झ्याक बोललीस. आईवानी." तिने निळ्या पिशवीवरची धूळ झटकली आणि ती खुर्चीवर नीट मधोमध सरकवली. "दमलीस, पोरी. हितं माझ्या जागंवर बस तू. ही ऱ्हाऊ दे. बाई येतीलच."

"आक्का," मी म्हणाले, "पिशवी काढा. मी बसते तिथे. आई वारली."